युद्धात हात-पाय गमावलेली मुले: कृत्रिम अवयव कसा मिळतो आणि आपण मदत कशी करावी



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या मंडळाने युद्धात जखमी झालेल्या मुलांसाठी निधी गोळा केला. त्यानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एका काकांनी साधा प्रश्न विचारला, "एका मुलाच्या पायाला किती पैसे लागतात ते सांगा. तेवढे देऊन टाकू, म्हणजे निदान एक काम तरी पूर्ण केल्याचे समाधान." कोणालाच उत्तर देता आले नाही. मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर (पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर, हे वेगळे सांगायला नको), म्हणून माहिती काढण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

माहिती जमवताना लक्षात आले की प्रश्नातच एक गफलत आहे. मुलाला एक पाय लागतच नाही, आयुष्यभरात वीस-पंचवीस पाय लागतात. हे एकदा ध्यानात आले की मदत कोणाला आणि कशी करायची याचा विचारच बदलतो. म्हणून हा लेख.

प्रश्न किती मोठा आहे?

युद्धात मुलांचे हात-पाय जातात ते मुख्यतः दोन प्रकारे. एक म्हणजे बाँबहल्ले आणि तोफगोळे. दुसरा म्हणजे भूसुरुंग आणि न फुटता जमिनीत पडून राहिलेला दारूगोळा. दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण युद्ध संपून पंचवीस-तीस वर्षे झाली तरी तो संपत नाही. सोव्हिएत सैन्याने अफगाणिस्तानात टाकलेले छोटे 'फुलपाखरी' सुरुंग प्लॅस्टिकचे होते आणि त्यांना पंखासारखा आकार होता. मुले ते खेळणे समजून उचलत. लहान मूल उंचीने कमी, त्यामुळे स्फोट त्याच्या पोटा-छातीच्या अधिक जवळ होतो. मोठा माणूस जिथे पायावर निभावतो तिथे मूल जीव गमावते किंवा दोन-दोन अवयव गमावते.

'लँडमाइन मॉनिटर'च्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात सुरुंग व पडीक दारूगोळ्यामुळे जगभरात किमान ५,७५७ माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यातली बहुसंख्य सामान्य नागरिक होती आणि ज्यांचे वय नोंदले गेले त्या नागरिकांत एक तृतीयांशाहून अधिक मुले होती. सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ साली झाला आणि त्याच वर्षी त्यासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला व जोडी विल्यम्स यांना शांततेचे नोबेल मिळाले. अमेरिका, रशिया, चीन, भारत आणि पाकिस्तान या करारात कधीच सामील झाले नाहीत. २०२५ मध्ये तर पोलंड, फिनलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

बाँबहल्ल्यांबद्दल बोलायचे तर गाझाचे उदाहरण समोर आहे. दरडोई प्रमाण पाहता हात-पाय गमावलेल्या मुलांची संख्या जगात सर्वाधिक गाझामध्ये आहे, असे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले. त्यातल्या अनेक शस्त्रक्रिया भूल न देता कराव्या लागल्या.

मुलांचे वेगळे काय?

मोठ्या माणसाचा पाय कापावा लागला तर जखम भरल्यावर उरलेल्या पायाचा आकार काही महिन्यांत बराचसा स्थिर होतो. त्यावर बसवलेला कृत्रिम पाय साधारण तीन ते पाच वर्षे चालतो. मुलाचे तसे नाही. त्याची तीन कारणे आहेत.

१. मूल वाढते. चांगला पाय वाढतो, कृत्रिम पाय वाढत नाही. उंचीत फरक पडला की कंबर तिरकी होते आणि पाठीच्या कण्यावर ताण येतो. शिवाय उरलेला पाय जाड होऊन जुन्या साच्यात मावत नाही. म्हणून लहान मुलांना साधारण दर सहा महिने ते वर्षाने नवीन अवयव किंवा निदान मोठा फेरबदल लागतो.

२. हाड कातडीपेक्षा वेगाने वाढते. कापलेल्या हाडाचे टोक मुलांमध्ये पुन्हा वाढू लागते आणि टोकदार होऊन आतून कातडीला टोचते. कधी कातडी फाडून बाहेर येते. मग पुन्हा शस्त्रक्रिया. दंडाचे आणि गुडघ्याखालचे हाड याबाबतीत जास्त त्रास देते. म्हणून शक्य असेल तेव्हा अनुभवी सर्जन मुलांमध्ये हाड मधूनच न कापता सांध्यातून अवयव वेगळा करतात.

३. वाढीचा भाग वाचवावा लागतो. लांब हाडांच्या टोकांशी वाढ होणारा भाग असतो. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या टोकाशी होते. सहा वर्षांच्या मुलाचे ते टोक गेले तर आज पुरेशी लांब वाटणारी मांडी सोळाव्या वर्षी अगदी आखूड राहते आणि तिच्यावर कृत्रिम पाय नीट धरत नाही. भर युद्धात, टॉर्चच्या उजेडात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला एवढा विचार करायला वेळ असतोच असे नाही.

आता काकांच्या प्रश्नाचा हिशोब करू. सातव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत वर्षाला एक धरला तरी अकरा पाय. पुढे साठीपर्यंत दर तीन ते पाच वर्षांनी एक, म्हणजे आणखी नऊ ते चौदा. एकूण वीस ते पंचवीस. आपल्या आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हा प्रकल्प 'गो-लाईव्ह'ला संपत नाही. खरा खर्च सपोर्ट आणि मेंटेनन्सचा आहे, आणि तो पन्नास वर्षांचा आहे.

कृत्रिम पाय बनतो कसा?

बाहेरून पाहताना आपले लक्ष पावलाकडे किंवा चकचकीत धातूच्या गुडघ्याकडे जाते. पण सगळ्यात अवघड भाग आहे सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. ती प्रत्येकासाठी वेगळी, हाताने घडवलेली असते.

- आधी काही आठवडे उरलेल्या पायाला घट्ट पट्ट्या बांधून सूज उतरवतात आणि आकार आणतात. याच काळात स्नायूंचे व्यायाम सुरू होतात, नाहीतर सांधे आखडतात.
- मग प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात. त्यात पुन्हा प्लास्टर ओतले की पायाची हुबेहूब प्रतिकृती मिळते.
- ही प्रतिकृती तंत्रज्ञ तासतो. जिथे भार सोसवतो तिथे थोडे खरवडतो, जिथे हाड कातडीलगत आहे तिथे थोडे प्लास्टर चढवतो. सगळे कौशल्य इथे आहे.
- पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा भट्टीत मऊ करून त्या प्रतिकृतीवर टाकतात आणि व्हॅक्यूमने चिकटवतात. थंड झाले की सॉकेट तयार.
- त्याखाली नळी आणि पाऊल जोडून कोन जुळवतात. एखाद-दोन अंशांचा फरकही चालताना जाणवतो. मुलाला दोन समांतर दांड्यांमध्ये चालवून पुन्हा पुन्हा जुळवावे लागते.

पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल तर कृत्रिम गुडघाही लागतो. साध्या बिजागरीचा गुडघा चालताना अचानक दुमडतो आणि माणूस पडतो. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या वर्षाला आपण 'थिअरी ऑफ मशिन्स'मध्ये घोकलेले फोर-बार लिंकेज! त्यात फिरण्याचा केंद्रबिंदू सरकता असतो, त्यामुळे पाय सरळ असताना गुडघा स्थिर राहतो. जयपूर फूटवाल्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने अशा तत्त्वावर स्वस्त 'जयपूर नी' बनवला आणि २००९ साली 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातल्या उत्कृष्ट ५० शोधांत त्याची गणना केली.

हाताची गोष्ट वेगळी

पायाचे मुख्य काम भार पेलणे. हाताचे काम हजार प्रकारचे, आणि स्पर्श तर कोणतेच यंत्र नीट देत नाही. खांद्याच्या हालचालीने केबल ओढून उघडणारा हूक आजही सर्वात टिकाऊ आहे. स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारे हात महाग, जड आणि दुरुस्तीला अवघड. बरीच मुले कृत्रिम हात काही दिवस वापरून बाजूला ठेवतात, कारण उरलेल्या हाताने, तोंडाने किंवा पायाने काम अधिक चटकन होते.

२०२५ सालचा 'वर्ल्ड प्रेस फोटो' पुरस्कार समर अबू एलूफ या पॅलेस्टिनी छायाचित्रकार महिलेला मिळाला. चित्रात दोन्ही हात गमावलेला गाझाचा नऊ वर्षांचा मुलगा आहे. हात गेल्याचे कळल्यावर आईला तो पहिल्यांदा काय म्हणाला, तर आता मी तुला मिठी कशी मारू? दोहामध्ये उपचार घेताना तो पायाने लिहायला, फोनवर खेळायला आणि दार उघडायला शिकला. म्हणून मुलाला काय हवे ते आधी मुलाला विचारावे, हे या क्षेत्रातले लोक आवर्जून सांगतात.

थ्रीडी प्रिंटिंगचा उल्लेख केल्याशिवाय आपली मंडळी मला सोडणार नाहीत. २०१३ पासून 'ई-नेबल' ही जगभरच्या स्वयंसेवकांची चळवळ मुलांसाठी प्लॅस्टिकचे हात छापून देते. डिझाइन्स खुली आहेत, खर्च फार थोडा. पण मर्यादाही समजून घ्याव्यात. हे हात बहुधा मनगटाच्या हालचालीवर चालतात, म्हणजे मनगट शाबूत हवे. जड वस्तू त्यांनी उचलत नाहीत. आणि शरीराचा भार घेणारा पाय कोणी हौसेने घरच्या प्रिंटरवर छापू नये.

जयपूर फूट

१९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या जोडीने हे पाऊल बनवले. पाश्चात्त्य पाऊल बुटात घालण्यासाठी केलेले. ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, आणि चिखलाच्या शेतात अनवाणी चालायचे तर प्रश्नच नव्हता. लोक बिचारे पाय घरी ठेवून पुन्हा कुबड्या घेत. टायर रिट्रेडिंगच्या दुकानात रबर चढवताना पाहून शर्मांना रबराच्या पावलाची कल्पना सुचली असे सांगतात. डॉ. सेठींनी पेटंट घेतले नाही. १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या पिढीला जयपूर फूट माहीत झाला तो मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांच्यामुळे.

१९७५ साली डी. आर. मेहता यांनी 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' स्थापन केली. ही संस्था पाय पूर्णपणे मोफत बसवते. शेतातल्या पाइपलाइनसाठी वापरतात त्या एचडीपीई नळीपासून पायाचा वरचा भाग बनतो, आणि संपूर्ण पायाचा खर्च शंभर डॉलरहूनही कमी येतो. आफ्रिका आणि आशियातल्या अनेक युद्धग्रस्त देशांत समितीने शिबिरे घेतली आहेत. श्रीलंकेच्या यादवीत जाफनापर्यंत जयपूर फूट पोचला होता.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ साली सुरू झाले. १९७१च्या युद्धात पाय गमावलेले मेजर इयान कार्डोझो तिथूनच कृत्रिम पाय घेऊन पुन्हा सैन्यात रुजू झाले आणि पुढे त्यांनी बटालियनचे नेतृत्व केले.

काबूलचा धडा

या विषयात मला सर्वात भावलेले उदाहरण काबूलचे आहे. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने १९८८ मध्ये तिथे कृत्रिम अवयवांचे केंद्र सुरू केले. १९९० मध्ये अल्बेर्तो काइरो हे इटालियन फिजिओथेरपिस्ट तिथे गेले आणि अफगाणिस्तानचेच झाले. पुढे मझार-ए-शरीफ, हेरात, जलालाबाद अशा शहरांतही केंद्रे निघाली.

काइरो यांनी एक नियम केला. केंद्रात नोकरी शक्यतो अपंगांनाच द्यायची. साचे घेणारा, पॉलिप्रॉपिलीन तापवणारा, चालायला शिकवणारा, दारावर नाव लिहून घेणारा, बहुतेक सगळे स्वतः कधीतरी तिथे रुग्ण म्हणून आलेले. पाय गमावलेले मूल आईच्या पदराआड लपून आत येते आणि समोरचा माणूस आपली पँट वर करून स्वतःचा कृत्रिम पाय दाखवतो, तेव्हा समुपदेशनाचे अर्धे काम तिथेच होते. केंद्रातर्फे मुलांना शिकवणी, मोठ्यांना व्यवसायासाठी छोटी कर्जे आणि व्हीलचेअर बास्केटबॉल असे सगळे चालते. सरकारे आली, गेली. २०२१ मध्ये तालिबान परत आले. केंद्राचे काम चालू राहिले.

कंबोडियातही हेच दिसते. तिथे १९९४ साली प्रोस्थेटिस्ट घडवणारी शाळाच काढली गेली. बाहेरून पाय नेऊन देण्यापेक्षा पाय बनवणारा माणूस तिथे तयार केला, तर मुलाचा पंचविसावा पायही तिथेच बनतो.

अमेरिकेत येणारी मुले

काही जखमा इतक्या गुंतागुंतीच्या असतात की मुलाला बाहेर आणावेच लागते. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर एलिसा मोंटान्टी यांनी १९९७ साली 'ग्लोबल मेडिकल रिलीफ फंड' सुरू केला. बोस्नियात सुरुंगाने अवयव गमावलेल्या एका मुलापासून सुरुवात झाली. मग इराकसह अनेक देशांतली मुले आली. फिलाडेल्फियाच्या श्रायनर्स रुग्णालयात त्यांच्यावर उपचार होतात. महत्त्वाचे म्हणजे मूल वाढले की नवीन अवयवासाठी त्याला परत बोलावतात. एकदा देऊन विसरून जात नाहीत.

ही वाट व्हिसावर अवलंबून असते हे मात्र ध्यानात ठेवावे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने गाझातल्या लोकांचे व्हिजिटर व्हिसा थांबवले आणि उपचारांसाठी येऊ घातलेली मुले अडकली.

पाय मिळाल्यानंतर

पाय मिळाला म्हणजे आयुष्य रुळावर आले असे नाही. नसलेल्या पायात कळा येतात, त्याला फँटम पेन म्हणतात. मेंदूतला त्या पायाचा नकाशा तसाच राहिल्याने हे होते, मूल खोटे बोलत नसते. रात्री स्फोटाची स्वप्ने पडतात. शाळा तुटलेली असते, आणि शाळा सुरू झाली तरी जिने चढवत नाहीत. बऱ्याचदा त्याच स्फोटात आई-वडीलही गेलेले असतात.

इथे खेळ फार उपयोगी पडतो. सिएरा लिओनच्या यादवीत (१९९१ ते २००२) असंख्य लोकांचे हात-पाय तोडले गेले. तिथल्या तरुणांनी फ्रीटाऊनच्या किनाऱ्यावर कुबड्यांवर फुटबॉल सुरू केला. या खेळात मैदानातले खेळाडू एका पायाचे आणि गोलरक्षक एका हाताचा असतो. बोस्नियाच्या बैठ्या व्हॉलीबॉल संघाने २००४ आणि २०१२च्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. त्या संघातल्या बऱ्याच खेळाडूंनी पाय गमावले होते ते युद्धात किंवा सुरुंगावर.

आपण काय करू शकतो?

पैसे देण्याआधी संस्थेला पुढील प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो.

१. अवयव बनवणारे तंत्रज्ञ त्याच देशातले आहेत का? त्यांच्या प्रशिक्षणावर खर्च होतो का?
२. मूल वाढल्यावर पुढचा अवयव कोण देणार? सॉकेट तडकले, पट्टा तुटला तर दुरुस्ती कुठे?
३. फिजिओथेरपी आणि चालण्याचे प्रशिक्षण यात धरले आहे का?
४. केंद्रापर्यंतचा प्रवास आणि सोबत येणाऱ्या आईचा राहण्याचा खर्च कोण करते? मुले पुन्हा येत नाहीत, त्याचे कारण अनेकदा बसचे भाडे हेच असते.
५. मुलाचे फोटो त्याच्या आणि पालकांच्या संमतीने वापरतात का?

संस्था ५०१(सी)(३) असेल तर तिचा फॉर्म ९९० कोणालाही पाहता येतो, तो जरूर पाहावा. युद्धग्रस्त भागात ओळखीतून परस्पर पैसे पाठवू नयेत. निर्बंधांचे नियम कडक आहेत आणि हेतू चांगला असला तरी अडचण येऊ शकते. आपल्यापैकी बहुतेकांच्या कंपनीत मॅचिंग डोनेशन असते आणि बहुतेक जण फॉर्म भरायचा कंटाळा करतात (यात मीही आलो). तो भरला तर रक्कम दुप्पट होते.

पैशाखेरीजही कामे आहेत. उपचारासाठी आलेल्या कुटुंबाला विमानतळ ते रुग्णालय ने-आण, काही आठवडे घरचे जेवण, त्यांच्या मुलाला आपल्या मुलांबरोबर खेळायला बोलावणे. आपल्यातल्या अनेकांना हिंदी-उर्दू चांगले बोलता येते. ते समजणारे अफगाण बरेच आहेत, त्यांना दुभाषी म्हणून मदत होईल.

आता काकांना उत्तर. काका, एका पायाचे पैसे देऊन काम पूर्ण होणार नाही. पण एका मुलासाठी दरवर्षी थोडे द्यायचे ठरवले, तर ते मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याला वेळेवर पाय मिळेल. आपण गणपती दरवर्षी बसवतो. एका वर्षी थाटामाटात बसवला आणि पुढे सोडून दिला असे करत नाही. माझा प्रस्ताव असा आहे की मंडळाने एकदाची देणगी न देता अकरा वर्षांचा संकल्प करावा आणि दर दिवाळीला त्याचा हिशोब सभासदांसमोर ठेवावा. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदनासाठी कोणीतरी हात वर करावा, ही विनंती.

चू. भू. द्या. घ्या.